ट्रेलरमधला प्लास्टिकचा टब: रंगवायचा, जोडायचा की उपटायचा?

गोगलगाय

मंडळी, सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायचं फिरतं घर) घेतलाय. बाकीचं हळूहळू मार्गी लागतंय, घोडं अडलंय ते बाथरूममधल्या टबापाशी. प्लास्टिकचा टब, २४ बाय ३६ इंची, एका टोकाला ड्रेन. मुळात पांढरा असावा. आता काठाला पिवळट आणि तळाला करडा झालाय. आधीच्या मालकाने ब्रशने कसला तरी पांढरा रंग फासलाय, त्याचे पोपडे निघतायत. पोपडा नखाने उचलला की खाली केसासारख्या बारीक भेगा दिसतात, ड्रेनच्या भोवती जास्त. आत उभं राहिलं की ‘कट्’ असा आवाज येतो.

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, टब रंगवायचं किट मिळतं, शनिवार-रविवारमध्ये काम उरकेल. दिराचं म्हणणं, प्लास्टिक एकदा वयात गेलं की त्यावर पैसे घालू नयेत, नवा बसवा. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे काहीच होत नाहीये. कुणी हे काम केलंय का?

रंगारीदादा

रंगाचा डबा नंतर उघडू. टब कशाचा आहे ते आधी बघा. ट्रेलरमध्ये साधारण तीन प्रकार सापडतात: नुसतं एबीएस (एक कडक प्लास्टिक), वरून ॲक्रिलिकचा पातळ थर दिलेलं एबीएस, आणि जेलकोट (रेझिनचा चकचकीत वरचा थर) असलेलं फायबरग्लास. टबाच्या पाठीपर्यंत हात पोचत असेल तर फिरवून बघा. खरखरीत लागलं आणि काचतंतू दिसले तर फायबरग्लास. गुळगुळीत असेल तर प्लास्टिकची शीट. मग कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोनचा थेंब घेऊन कुठेतरी न दिसणाऱ्या कडेवर क्षणभर टेकवा. एबीएस लगेच चिकट होतं, ॲक्रिलिकही मऊ पडतं, मुरलेल्या जेलकोटला काही होत नाही. कापलेला तुकडा हाताशी असेल तर पाण्यात टाका. एबीएस बुडतं. तरंगला तर पॉलिथिलिनच्या जातीचं काहीतरी आहे, आणि त्यावर हे घरगुती किटवाले रंग टिकत नाहीत. मग घरातला वादही मिटला.

पिवळेपणा हा एबीएसचा जन्मजात रोग. त्यातला ब्युटाडाईन नावाचा रबरासारखा भाग ऊन आणि उष्णतेने हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन देऊन पांढरं करायची युक्ती लोक सांगतात. काही काळ पांढरं दिसतंही. पण ठिसूळ झालेला पृष्ठभाग त्याने पुन्हा चिवट होत नाही, आणि रंग परत उतरतो.

सांधेजोड

दादा, प्लास्टिकची जात बघायलाच हवी, पण मला तो ‘कट्’ आवाज जास्त महत्त्वाचा वाटतो.

ताई, टबाच्या तळाला मधोमध अंगठ्याने जोर देऊन दाबा. मग हाताची मूठ टेकवून शरीराचं वजन टाका. तळ खाली जातो का? डब्याचं पत्र्याचं झाकण दाबलं की आत जातं आणि सोडलं की टक्कन वर येतं, तसं होत असेल तर तुमचा आजार रंगाचा नाहीच.

हे टब कसे बनतात ते सांगतो. प्लास्टिकची सपाट शीट तापवून मऊ करतात आणि साच्यावर हवा ओढून ताणतात. साच्यात जिथे खोल कोपरा, तिथे शीट जास्त ताणली जाते आणि पातळ होते. म्हणजे काठावर जाडी भरपूर आणि तळ जिथे भिंतीला वळतो तिथे सगळ्यात कमी. नेमकं तिथेच वाकणंही सगळ्यात जास्त. त्यात अनेक टब खाली दोन-तीन लाकडी पट्ट्यांवर नुसते टेकवलेले असतात. माणूस आत उभा राहिला की पट्ट्यांच्या मधला भाग झोके घेतो. ड्रेनचा पाइप खालून घट्ट धरलेला असल्यामुळे तो हलत नाही, भोवतालचं प्लास्टिक हलतं, म्हणून भेगा ड्रेनभोवती. शिवाय ट्रेलर रस्त्यावर हादरे खातो ते वेगळंच.

अशा तळावर कितीही भारी रंग लावा, तो कडक होणार आणि खालचं प्लास्टिक वाकत राहणार. आधीच्या मालकाचे पोपडे का निघाले याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

निवांत

एवढं कशाला? वर रबरी मॅट टाका आणि फिरायला निघा. आंघोळ उभ्याने पाच मिनिटांची, टब कोण बघतंय.

सांधेजोड

@निवांत, भेग आरपार गेली की पाणी थेट खालच्या प्लायवुडमध्ये जातं. आणि मॅटखाली पाणी साचून राहतं, म्हणजे भेगेला दिवसभर खुराक. बाहेरून काही दिसत नाही, पाय आत गेला की कळतं. रंगवलेल्या टबावर तर सक्शन कप असलेली मॅट कधीच नको, उचलताना रंगाची चकती घेऊन येते.

गोगलगाय

दोन्ही परीक्षा केल्या. ॲसिटोनने चिकट झालं, पाठ गुळगुळीत, म्हणजे एबीएस किंवा त्यावर ॲक्रिलिक. तळ चांगलाच दबतो. टबाच्या समोरची उभी फळी चार स्क्रूंवर होती, ती काढून टॉर्चने आत पाहिलं. खाली दोन आडव्या पट्ट्या, एकीचा स्क्रू निघून ती तिरकी झालीय आणि टबाला लागतच नाही. बाकी पोकळी. एका बाजूला चाकाच्या कमानीचा उंचवटा आत आलाय. ड्रेनखालचा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) जमिनीच्या वरच आहे, जमिनीत नाही.

आता नवीन प्रश्न: जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर वापरू का?

रसायनताई

थांबा, रिमूव्हरला हात लावू नका.

जुन्या पद्धतीच्या जोरदार पेंट रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड असायचं. एक तर ते एबीएस आणि ॲक्रिलिक दोन्ही विरघळवतं, म्हणजे रंगाबरोबर टबही जाईल. दुसरं म्हणजे त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते. टबात साठून राहते आणि टबात वाकून खरवडणाऱ्याचं तोंड नेमकं तिथेच असतं. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबाचं रिफिनिशिंग करणाऱ्या १३ कामगारांचे मृत्यू या एका रसायनाशी जोडले गेले. घरांतल्या धडधाकट बाथरूममध्ये झालेले मृत्यू आहेत हे. ट्रेलरचं बाथरूम म्हणजे त्याच्या निम्मंसुद्धा नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी ते ग्राहकांना विकायला बंदी आली आणि २०२४ मध्ये बहुतेक इतर वापरांवरही. तरी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जुना डबा असतोच, म्हणून सांगतेय.

पोपडे निघतच असतील तर प्लास्टिकच्या पात्याने खरवडा आणि उरलेलं ओल्या पॉलिश पेपरने घासा. हात दुखतील, बाकी काही होणार नाही.

आता ट्रेलरची खास गोष्ट, घराच्या टबांविषयी लिहिणारे ही सांगत नाहीत. ट्रेलरमध्ये गॅस असतो. फ्रिज, गीझर, हीटर यांपैकी काही ना काही ज्योतीवर किंवा ठिणगीवर चालतं आणि आपोआप सुरू होतं. ॲसिटोन, थिनर, स्प्रे यांपैकी काहीही उघडण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि ही उपकरणं पॅनलवरूनही बंद करा. छतावरचा छोटा पंखा हा ठिणगी न पडणारा असतो असं समजू नका. छताचं झाकण उघडं ठेवा आणि बाहेर, दारापाशी मोठा पंखा ठेवून ताजी हवा आत ढकला. गॅस डिटेक्टर सॉल्व्हंटच्या वाफेनेही बोंबलतो. बोंबलला तर तो बंद करायचा नाही, आपण बाहेर यायचं.

दोन घटकांचे युरेथेन रंग लावणार असाल तर त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची एकदा ॲलर्जी जडली की नंतर अगदी थोड्या संपर्कानेही दमा उठतो. कापडी मास्कचा उपयोग शून्य. स्प्रे करायचा तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या व्यावसायिकाकडून करून घ्या. घरी करताना रोलरने लावायचं इपॉक्सी बरं, तेही हातमोजे घालून, कारण इपॉक्सीची ॲलर्जी त्वचेतून येते.

हिशेबनीस

मी दिराच्या पक्षात. दुरुस्ती करून शेवटी हातात जुनाच टब राहतो. पण नवा टब म्हणजे फक्त टबाची किंमत नाही, हेही खरं. मोजायच्या गोष्टी पुढे देतो, न मोजता ऑर्डर करू नका.

बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत लांबी-रुंदी, आतली नव्हे. खोली. ड्रेन डावीकडे की उजवीकडे, आणि त्याचं केंद्र दोन्ही कडांपासून किती इंचावर. चाकाची कमान आत येत असेल तर टबाच्या खालच्या बाजूला तेवढी जागा मिळते का. २४ बाय ३६ हे चालू माप आहे, तेवढ्यात ट्रेलरसाठीचा टब मिळतो. घरातला ६० बाय ३० इंची टब बसवायचं स्वप्न कुणी पाहू नये. बसला तरी त्यात मावणारं पाणी सांडपाण्याच्या टाकीत मावणार नाही.

मग येतो दरवाजा. बरेच ट्रेलर बनताना टब आधी बसतो आणि आतल्या भिंती नंतर उभ्या राहतात. म्हणून आत आहे त्या अर्थी बाहेरही येईल, असं नसतं. बाहेर काढताना जुना कापता येतो, नवा कापून आत नेता येत नाही. पुठ्ठ्याचं त्याच मापाचं खोकं करा आणि ते बाहेरच्या दारातून, बोळातून, बाथरूमच्या दारातून तिरकं करत नेऊन बघा. खोकं अडलं तर खिडकी काढून आत घेता येतो का ते पाहावं लागेल.

आणि जुना टब नवा दारात येईपर्यंत कापू नये.

पाणक्या

टबाऐवजी शॉवरची उथळ ट्रे बसवली तर? वजनही कमी आणि पाय उचलून आत जायला नको.

हिशेबनीस

कल्पना चांगली आहे, फक्त ट्रॅप बघा. ताईंनी लिहिलंय की ट्रॅप जमिनीच्या वर आहे. ट्रेलरचे टब उगाच उंचावर नसतात, तळाखाली ट्रॅपला आणि दीड इंची पाइपच्या उताराला जागा हवी म्हणून ते उचललेले असतात. उथळ ट्रे जमिनीवर ठेवली की ट्रॅप जमिनीत घालावा लागतो, आणि तिथे चॅसीचा (ट्रेलरच्या खालच्या सांगाड्याचा) लोखंडी आडवा दांडा किंवा टाकी असते. मग ट्रेखाली ओटा बांधायचा, म्हणजे पाय उचलणं आलंच. पाण्याशिवाय चालणारा आडवा व्हॉल्व्ह ट्रॅपच्या जागी लावून थोडी उंची वाचते, पण किती, ते जागेवर मोजूनच.

सांधेजोड

ताई, निर्णय घ्यायच्या आधी एक काम: त्या उघड्या फळीतून हात घालून ड्रेनच्या आसपासचं प्लायवुड दाभणाने टोचून बघा. दाभण अडलं तर लाकूड ठणठणीत. लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर हिशेबनीस म्हणतात तेच करा, कारण जमीन बदलायला टब काढावाच लागेल.

लाकूड चांगलं असेल तर मी दुरुस्तीच्या बाजूने आहे. क्रम महत्त्वाचा:

आधी तात्पुरता आधार. खालून लाकडी पाचरी सारून तळ मूळ उंचीवर आणा, ड्रेनकडचा उतार शाबूत ठेवून. भेग दाबून उघडलेल्या अवस्थेत भरली तर नंतर पुन्हा उघडते.

भेगेच्या दोन्ही टोकांना साधारण ३ मिलिमीटरचं भोक पाडा. भोकाच्या गोलाईत ताण विभागला जातो आणि भेग पुढे पळत नाही. मग भेग इंग्रजी व्ही आकारात थोडी खरवडून रुंद करा. एबीएस असेल तर टबाच्याच झाकलेल्या कडेचे तुकडे कापून ॲसिटोनमध्ये विरघळवा, मधासारखी लांबी (भेगा भरायची पुट्टी) तयार होते आणि रंगही बराचसा जुळतो. पातळ थरात भरा. सॉल्व्हंट उडालं की लांबी आक्रसते, म्हणून एका थरात काम होत नाही, दुसऱ्या दिवशी परत भरावं लागतं. खालून एबीएसचा चौकोनी तुकडा ठिगळ म्हणून चिकटवा, प्लास्टिकसाठीच्या दोन घटकांच्या मेथाक्रिलेट गोंदाने. फायबरग्लासची पॉलिएस्टर रेझिन एबीएसला नीट धरत नाही, जाळी लावायचीच असेल तर इपॉक्सीने.

आणि हे सगळं सुकल्यावरच कायमच्या आधारासाठी खाली फोम. बरेच जण आधी फोम भरतात आणि मग वरून ॲसिटोनची लांबी भरतात. भेगेतून ओघळलेलं ॲसिटोन थर्माकोलच्या जातीचा फोम खाऊन टाकतं, भेगेखाली पोकळी तयार होते आणि भेग पुन्हा तिथेच.

रंगारीदादा

फोमवर माझा थोडा मतभेद. घरात टबाखाली सिमेंटचा मसाला घालतात, तो इथे जड होतो आणि हादऱ्याने भुगा होतो, हे मान्य. पण स्प्रेचा फोमही आंधळेपणाने भरू नये. भिंतीतल्या फटी भरायचा जोरात फुगणारा फोम टब वर उचलतो.

सांधेजोड

बरोबर. दार-खिडक्यांच्या चौकटीसाठीचा कमी फुगणारा घ्यायचा. पोकळीचा मोठा भाग कडक फोमच्या शीटचे तुकडे रचून भरा आणि वरची फट तेवढी स्प्रेने. डब्यातला फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. एकदम जाड गोळा मारला तर आत दिवसेंदिवस चिकट राहतो आणि उशिरा फुगतो. थोडा मारा, पाण्याचा हलका फवारा द्या, बसू द्या, मग पुढचा. फोम भरताना टबात पाणी भरून ठेवा, ५० लिटर म्हणजे ५० किलो वजन वरून. ते पाणी जिथे सोडणार त्या टाकीत आधी जागा आहे ना ते पाहून ठेवा. ट्रॅपभोवती पुठ्ठ्याची भिंत करून तो भाग मोकळा सोडा, नाहीतर पुढे ट्रॅप खोलताना फोम कोरत बसाल.

गोगलगाय

दाभण अडलं! सगळीकडे टोचून पाहिलं, एका ठिकाणी डाग आहे पण लाकूड टणक आहे. पुठ्ठ्याचं खोकंही करून पाहिलं, बाथरूमच्या दारात अडकलं, दार चौकटीसकट काढलं तरच आत जाईल. दिराने स्वतःहून माघार घेतली.

तर दुरुस्ती. रंगाबद्दल आता दादांनी सांगावं. लांबी भरून झाली की लगेच रंग लावता येईल का?

रंगारीदादा

लगेच नाही. लांबीत अडकलेलं सॉल्व्हंट बाहेर पडायला काही दिवस द्या. वरून रंगाने कोंडलं तर फोड येतात. नखाने दाबून बघा, आजूबाजूच्या प्लास्टिकइतकी कडक लागली की पुढे.

रंग ज्यामुळे निघतो त्यात पहिला नंबर सिलिकोनचा. काठाच्या सगळ्या फटींतलं सिलिकोन आधी काढा, घासायच्या आधी. नाहीतर पॉलिश पेपर तेच सिलिकोन सगळ्या टबभर पसरवतो आणि रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. काढून झालं की पाणी शिंपडा. जिथे पाणी थेंब-थेंब होऊन पळतं तिथे अजून आहे. ड्रेनची जाळी काढून टाका, तिच्याभोवती टेप लावून रंगवलं तर पहिला पोपडा तिथूनच निघतो.

मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि ४०० नंबरवर थांबा. चकाकी कुठेही राहता कामा नये, कोपऱ्यात बोट घालून घासा, मशीन तिथे पोचत नाही. शेवटचं पुसणं आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ॲसिटोनने नव्हे. प्लास्टिकसाठीचा प्रायमर किटमध्ये असेल किंवा कंपनीने सांगितला असेल तरच, दुसऱ्या कंपनीचा मिसळू नका.

पूर्ण टबावर लावायच्या आधी, उघड्या फळीमागच्या टबाच्या बाहेरच्या बाजूला हातभर पट्टा रंगवा. किटच्या डब्यावर लिहिलेला पूर्ण मुरण्याचा काळ जाऊ द्या. मग ब्लेडने चौकटी पाडून त्यावर टेप चिकटवून झटक्यात ओढा. चौकटी टेपबरोबर आल्या तर तो रंग तुमच्या प्लास्टिकसाठी नाही. ही परीक्षा कुणी करत नाही, कारण घाई असते.

पातळ दोन थर, फोमच्या रोलरने. थंडी असेल तर काम पुढे ढकला, इपॉक्सी १० अंशांच्या खाली जवळपास झोपतं, आणि गॅसचा हीटर लावायचा नाही हे रसायनताईंनी सांगितलंच आहे. हाताला सुका लागला म्हणजे पाण्याला तयार असं नाही.

एक प्रामाणिक मत: जुन्या झालेल्या एबीएसवर घरी लावलेला रंग हा कारखान्यातल्या पृष्ठभागाइतका कधीच टिकणार नाही. खरखरीत पावडरीने घासलात तर आणखी लवकर जाईल. अधूनमधून डागडुजी करावी लागणार हे धरून चाला.

रसायनताई

पावडरीबरोबर आणखी एक भर. संत्र्या-लिंबाच्या तेलाचे ‘नैसर्गिक’ क्लीनर आणि अंगाला लावायची तेलं एबीएसवर साचू देऊ नका. जिथे प्लास्टिक ताणाखाली असतं तिथे तेलाने भेगा पडतात. ड्रेन परत बसवताना प्लंबरची तेलकट पुट्टीही याच कारणाने नको, सिलिकोन लावा किंवा रबरी वॉशर.

गोगलगाय

धागा वर काढतेय. पाचरी, लांबी, ठिगळ, फोम, याच क्रमाने झालं. तळ आता दबत नाही, आवाज बंद. पट्ट्याची परीक्षा मी केली: पहिलं किट, नवऱ्याने आधीच आणलेला एक घटकाचा स्प्रे, चौकटीसकट टेपवर आला. दोन घटकांचं इपॉक्सी मात्र टिकलं, तेच लावलं. काठाला रोलरच्या खुणा दिसतात, तळ छान झालाय.

एक शंका उरलीय. काठाला सिलिकोन भरताना टब रिकामा ठेवायचा की पाण्याने भरून?

सांधेजोड

भरून, पण इपॉक्सी पूर्ण मुरल्यावर. भरलेल्या टबात काठाची फट जितकी उघडायची तितकी उघडते, त्या मापाने सिलिकोन बसतं. मुरेपर्यंत पाणी राहू द्या. आणि खालच्या फळीला स्क्रूच ठेवा, गोंद लावून बंद करू नका. महिन्या-दोन महिन्यांनी टॉर्च मारून ट्रॅपभोवती ओल आहे का बघत जा.

पाणक्या

माझा टब फायबरग्लासचा निघाला, काचतंतू दिसतात. वर सांगितलेलं सगळं तसंच लागू का?

रंगारीदादा

आधार आणि सिलिकोन काढणं तसंच. ॲसिटोनमध्ये विरघळवलेली लांबी नाही चालणार, तुमच्याकडे विरघळण्यासारखं काही नाहीच. भेग खरवडून इपॉक्सी आणि काचजाळीने भरा. आणि रंगवायच्या आधी एका कोपऱ्यात १००० च्या ओल्या पेपरने घासून पॉलिशिंग कंपाउंड मारून बघा. जेलकोट पुरेसा जाड शिल्लक असेल तर चकाकी परत येते आणि रंगाची गरजच पडत नाही. खालचे तंतू दिसायला लागले तर लगेच थांबा.